बारा पिवळ्या डब्या

"पोरगी त्येची, मशीन तिचं, आन् कागद बी तिच्याच हातचा. मग निकाल कुणाच्या बाजूनं लागंल हे सांगाय बैठक कशाला पायजे?"

हौसराव एवढं बोलून पारावरून खाली थुंकला, आणि राहू गावच्या बैठकीतली सगळी माणसं सुषमाकडं बघायला लागली.

सुषमाचा बाप, आण्णा, पाराच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याच्या मनगटाला प्लास्टर होतं, ते हौसरावाच्या काठीनं. हौसरावाच्या कानशिलावर चार टाके होते, ते आण्णाच्या काठीनं. दोघं चुलत भाऊ. एके काळी दोघांची मेंढरं एका जाळीत बसायची आणि दोघांच्या बायका एका तव्यावर भाकरी थापायच्या. आठ वर्षांमागं कळप फुटला आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. जे काय बोलायचं ते काठी बोलायची.

या खेपेचं भांडण रोगावरनं होतं. मेंढरू चरायचं, पाणी प्यायचं, पण अंगाला काही लागायचं नाही. पाठीचा कणा वर यायचा, लोकर हातात यायची, आणि महिना-दोन महिन्यांत ते उभ्या उभ्या वाळून जायचं. दोन्ही कळपांत अशी मेंढरं निघाली होती. हौसराव म्हणायचा, आण्णाकडनं आलं. आण्णा म्हणायचा, हौसाकडनं. त्या पट्ट्यात कांदा-ऊस निघाला की बागायतदार मेंढरं रानात बसवून घेतात. लेंडीनं रान पिकतं, मेंढक्याच्या घरात धान्य येतं. पण या साली बागायतदारांनी सरळ सांगितलं होतं, आधी रोगाचं घर दाखवा, मग रानात या.

"लेंडी तपासता येती," सुषमा म्हणाली होती. हे तिनं आपण होऊन म्हटलं होतं, कुणी विचारलं नव्हतं. "रोगाचं जंतू लेंडीत असत्यात. आमच्या लॅबमधी त्याचीच टेस्ट बसवायचं काम चाललंय. दोन्ही घरच्या बारा-बारा द्या."

त्यावर हौसराव असा थुंकला होता.

"आप्पा," सुषमा त्याला म्हणाली, "नंबर मी टाकणार न्हाई. भांडगावची शितल हाय माझ्याबरोबर कामाला. माळ्याची हाय, आपल्या जमातीतली न्हाई. कुठली डबी कुणाची ती यादी तिच्यापाशी राहील."

"आन् ती तुझी मैतरीण."

"तिला मी डोळ्यांपुढं नको असते. एवढं पुरं हाय का?"

बैठकीत दोघं-तिघं हसले. हौसराव हसला नाही. पंचांतला म्हातारा म्हाळू दाजी मग खाकरला आणि त्यानं शब्द ठेवला. ज्याच्या कळपात रोग निघंल, त्यानं आठ दिवसांत मेंढरं घेऊन भीमा ओलांडायची आणि दोन वर्षं या काठाला पाऊल टाकायचं नाही. आण्णानं मान हलवली. हौसरावानं टोपी काढून परत घातली, म्हणजे त्यालाही कबूल.

संध्याकाळी दोन्ही घरी रिकाम्या डब्या पोचल्या. सकाळी मेंढरं उठताना ताजी लेंडी डबीत घ्यायची आणि त्या मेंढराच्या शिंगाला, नाहीतर कानाला दोरा बांधायचा, की पुढं ओळख राहील. दिवस वर आल्यावर शितल स्कूटीवरनं आली, दोन्हीकडच्या डब्यांवर तिनं उलटसुलट एक ते चोवीस नंबर चिकटवले, यादीची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"बारा सोन्याच्या असल्यागत बघती तुझी आई," ती सुषमाला म्हणाली. "लेंड्याच हायेत ना?"

शिरूरच्या एका खोलीत सुषमा भाड्यानं राहायची. सकाळी कंपनीची बस यायची, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत सोडायची. साल दोन हजार आठ. लॅब एका खाजगी कंपनीची, तिथं कोंबड्यांचे आणि दुभत्या जनावरांचे रोग तपासायचे, आणि सहा महिन्यांमागं तिथं नवीन यंत्र आलं होतं. त्या यंत्राचं काम सांगायला सोपं. लेंडीतून काढलेल्या डीएनएमध्ये रोगाच्या जंतूचा एक ठरलेला तुकडा असला, तर यंत्र त्याचे एकाचे दोन, दोनाचे चार करत जातं. तापवतं, निववतं, परत तापवतं. अशा चाळीस फेऱ्या. तुकडा वाढत गेला की चमक वाढते आणि पडद्यावर रेघ वर उठते. रेघ लवकर उठली तर जंतू फार, उशिरा उठली तर थोडे, उठलीच नाही तर नाहीत.

सांगायला सोपं, पण या जंतूचा डीएनए भलता हट्टी होता. डीएनएचे दोन पदर असतात, ते तापवल्यावर सुटावे लागतात. यातले दुवे जास्त करून तिहेरी, एरवी दुहेरीही पुष्कळ असतात. पदर सुटायचेच नाहीत, आणि सुटलेच तर स्वतःशीच वळून बसायचे. बाटलीतला खात्रीचा, ओळखीचा डीएनए घातला तरी रेघ सदतिसाव्या फेरीला कशीबशी मान वर काढायची. ज्या टेस्टला समोर उभा केलेला चोर दिसत नाही, तिला लपलेला काय दिसणार?

"पंधरा दिवस झाले," साहेब म्हणाले. साहेब पुण्याचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि त्यामुळंच त्यांचं बोलणं जास्त लागायचं. "सोमवारी पुण्याहून पाहुणे येतायत टेस्ट बघायला. त्यांना मी काय दाखवू? तुमच्या गावची लेंडी?"

"टेंपरेचर वाढवून बघितलं सर. अठ्ठ्याण्णवपर्यंत नेलं."

"मग?"

"एन्झाइम मरायला लागतंय."

"मेंढ्या राखायच्या तर मेंढ्याच राखायच्या होत्या," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. "एमएस्सी कशाला केलंत?"

शितल शेजारच्या टेबलावर पिपेट पुसत होती. ती हसली नाही, पण पुसायची थांबली, ते हसण्यापेक्षा वाईट.

सुषमा जागेवर आली. रागाच्या भरात पिपेट धरली तर थेंब चुकतो. म्हणून ती नुसती बसून राहिली. आणि बसल्या बसल्या तिला आईची, कुशाबाईची, लोकर कातायची जागा आठवली. दाराशी पाय पसरून बसलेली आई, मांडीवर राखाडी लोकरीचा ढीग, आणि गळ्यात घोळणारी ओवी:

*सुताला पडं गाठ, बाई वढू नये जोरानं*
*वली करावी बोटानं, सुटंल ती धीरानं*

सुषमा पंधरा दिवस जोरानंच ओढत होती. आणखी ताप, आणखी ताप. तिनं कपाटातनं डीएमएसओची बाटली काढली. लसणासारखा वास मारणारं ते रसायन शंभरात पाच भाग मिसळलं, तर पदरांची घट्ट मिठी सैल पडते. ताप परत पंच्याण्णवावर आणला, तिथं थोडं जास्त थांबायला लावलं, निववायची पायरी तीन अंश खाली घेतली, आणि लांब तुकड्याऐवजी त्याच्याच पोटातला आखूड तुकडा धरला. तो तुकडा पकडणाऱ्या प्रायमरची जोडी आधीच मागवलेली होती. चार दिवस ती एकेक गोष्ट बदलत गेली, एका वेळी एकच. पाचव्या दिवशी ओळखीच्या डीएनएची रेघ पंचविसाव्या फेरीला उठली, नदीकाठच्या चढासारखी सरळ, आणि नुसत्या पाण्याची रेघ जमिनीला चिकटून राहिली.

मग शितलनं डब्या उघडून काढून दिलेले चोवीस अर्क तिनं चालवले. पाच रेघा उठल्या. एकोणीस झोपून राहिल्या.

"पाच पॉझिटिव्ह, एकोणीस निगेटिव्ह," साहेबांनी सही करायला पेन उघडलं. "बरं झालं. पाहुण्यांना खरे फील्ड सँपल दाखवता येतील."

"सर, एक तपासणी राहिलीय. खरंच निगेटिव्ह आहेत की त्यांत टेस्टच मेलीय, ते बघायचंय. प्रत्येकात ओळखीचा डीएनए थोडा घालून—"

"निगेटिव्ह आलं ना? मग निगेटिव्ह लिहा. रिएजंट काय तुमच्या शेतात उगवतं?"

दुपारी सगळे जेवायला कँटीनला गेले तेव्हा सुषमानं उरलेल्या रिएजंटवर ती तपासणी लावली. एकोणीस नमुन्यांत चिमूटभर ओळखीचा डीएनए. आता प्रत्येकातून रेघ उठायलाच हवी होती, कारण उठवणारं तिनं स्वतःच्या हातानं घातलं होतं. सात उठल्या. बारा झोपूनच.

बारा. ना अकरा, ना तेरा.

ती उठून फ्रीजपाशी गेली. त्या बारा नंबरांच्या डब्या तिनं एका ओळीत मांडल्या. अर्क काढलेल्या नळ्या पिवळसर होत्या, हे तिनं आधीही पाहिलं होतं आणि लेंडीचाच रंग म्हणून सोडून दिलं होतं. आता तिनं पहिल्या डबीचं झाकण फिरवलं. वास आला. झाकणाच्या आट्यांत पिवळी बारीक पूड अडकली होती. दुसऱ्या डबीत तीच. तिसऱ्या डबीत तीच.

भंडारा.

घराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही वस्तूवर आई तीन बोटांची चिमूट टाकायची. सुषमाच्या बारावीच्या हॉलतिकिटावर टाकली होती, शिरूरला जाताना तिच्या पत्र्याच्या पेटीत टाकली होती. रिकाम्या डब्या रात्रभर देवापुढं ठेवल्या असतील, आणि सकाळी लेंडी भरायच्या आधी बारा चिमटी. कपाळाला लावायची हळद. आता तिचा अंश नळीत उतरून यंत्राचं तोंड बांधून बसला होता. ज्या नमुन्यात जंतू असतील तिथंही यंत्र गप्प राहणार, आणि कागदावर बारा वेळा येणार: नाही, नाही, नाही.

म्हणजे उठलेल्या पाचही रेघा हौसरावाच्या. कागद असाच गेला तर हौसराव भीमेपलीकडं, आणि आण्णा याच काठाला, बागायतदारांच्या रानात, मानानं.

"डब्या उघडल्यास तू."

शितल दारात उभी होती. हातात डबा, तोंडात घास.

"उघडल्या."

"तुझ्या घरच्या कुठल्या ते कळलं आता तुला. यादी माझ्यापाशी असून काय उपेग मग? मी बैठकीत सांगणार. हिनं माझ्या मागं डब्या उघडल्या, म्हणून."

"सांग. पण आधी इथं बस आन् बघ. नंतर म्हणशील, मागनं केलं."

शितल घास गिळून स्टूल ओढून बसली. सुषमानं बारा अर्क घेतले आणि प्रत्येकाच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं. हळदीचा जोर दहापट उतरेल, जंतूही दहापट उतरतील, पण आता ही टेस्ट थोड्यातलं थोडंही बघू शकत होती. तशी तिनंच ती घडवली होती. पावणेदोन तास दोघी शेजारी शेजारी पडद्याकडं बघत बसल्या.

अठ्ठाविसाव्या फेरीला पहिली रेघ हलली. मग दुसरी. एकतिसाव्याला आणखी तीन. छत्तिसाव्यापर्यंत सात झाल्या.

शितलनं पर्समधनं यादी काढली, घडी उलगडली, नंबर लावून बघितले. "साती तुझ्या बापाची," ती म्हणाली. "हौसरावाची पाच. तुझी दोन जास्तच."

"व्हय."

"मी तुझ्या जागी असते तर ही प्लेट कचऱ्यात टाकली असती. साहेब पाच म्हणून सही करायला बसलाच व्हता."

"म्हणून तू माझ्या जागी न्हाईस."

शितलच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि विझलं. "तोऱ्यात राहू नको," ती म्हणाली. "हा कागद वाचलास की तुझ्या घरात चूल पेटणार न्हाई, आणि तोरा शिजवून खाता येत न्हाई."

साहेबांना दुसरा कागद नको होता. सुषमा म्हणाली, पहिला कागद चुकीचा आहे हे मला माहीत असताना पाहुण्यांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. साहेबांनी सही केली. पेनाचं टोपण लावताना शांतपणे म्हणाले, "जूनमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, लक्षात आहे ना? दुसरीकडं बघून ठेवा."

गुरुवारी बैठक बसली. कागद सुषमानंच वाचला. हौसरावाकडच्या बारांत पाच. माणसांत हालचाल झाली, आण्णाच्या ओठाचा कोपरा हलला, कुशाबाईनं बायकांच्या गर्दीत पदर तोंडाला लावला. "आन् आण्णाकडच्या बारांत सात," सुषमा म्हणाली.

मग म्हाळू दाजीनं विचारलं, "पैल्यांदा न्हाई म्हणत होते ना लॅबवाले? ती भांडगावची पोरगी सांगत व्हती, आण्णाचं कोरं निघालं म्हणून."

"पैल्यांदा दिसत नव्हतं. डब्यांत भंडारा होता. त्यानं टेस्ट आंधळी झाली."

"भंडारा," हौसराव उठला. "डाव टाकला म्हणा की. हळद घालून रोग झाकायचा."

"डाव न्हवता रं," कुशाबाई गर्दीतनं पुढं आली. म्हातारीचा आवाज फाटला होता, पण मान खाली नव्हती. "देव व्हता." मग ती पोरीकडं वळली. "देवानं झाकलं व्हतं. बारा चिमटी बिरोबाच्या नावानं. त्यानं पांघरूण घातलं आपल्या लेकरांवर, आन् तू ते ओढून काढलंस. माझ्या पोटची असून."

"आये, देवानं झाकलं म्हणून रोग जात न्हाई. पाच-सात महिन्यांत सगळा कळप बसंल. दोरा बांधलेली बारा बाजूला काढा, बाकीची तपासून घेऊ, कोकरं तर लगोलग येगळी—"

"तू बोलू नको," आण्णा म्हणाला.

त्यानं आवाज चढवला नव्हता. प्लास्टरचा हात छातीशी धरून तो पंचांकडं बघत होता. "शब्द दिलाय. मी जातो."

"पाच म्हंजी बी हायेतच," म्हाळू दाजी हौसरावाकडं न बघता म्हणाला. "दोघांनीबी जायचं."

हौसरावानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं आण्णाकडं तोंड केलं.

"कुठनं वलांडायची?"

आण्णानं मान वर केली. "बंधाऱ्यावरनं. पुलावर मोटारी लय."

"लंगडी हायेत माझ्यात तीन."

"त्यांना मदी घेऊ."

"पलीकडं रान हाय का ओळखीचं?"

"माझ्या मामाचं व्हतं. बघू."

एवढंच बोलणं. पण ते ऐकून बायकांच्या गर्दीतनं कुणीतरी हुंदका दिला, आणि सुषमाला कळलं की दोघांचं मिटावं म्हणून तिनं जे आरंभलं होतं ते झालं, आणि आता तिचं कुणाला काही काम उरलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती बंधाऱ्यावर पोचली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. दोन्ही कळप काठावर उभे होते, मधी पन्नास-साठ पावलांची मोकळी वाट. एका बाजूला आण्णाची काळी मेंढरं, एका बाजूला हौसरावाची तांबूस. शिंगाला दोरा बांधलेली दोन्हीकडची मेंढरं इतरांतच होती, वाळलेली, मान खाली घातलेली. कुणी वेगळी काढली नव्हती.

सुषमा धावत त्या मोकळ्या वाटेत शिरली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मिसळू नका. आण्णा, आप्पा, ऐका. बाकीची अजून निरोगी असतील. एका पाण्यावर गेली, एका जाळीत बसली तर पावसाळ्यापर्यंत एकबी राहणार न्हाई. येगळं न्या. भांडत न्या पायजे तर, पण येगळं न्या."

"भांडाय सांगती बघ आता," हौसराव आण्णाला म्हणाला. "आदी मिटवाय सांगत व्हती."

त्याच्याकडची माणसं हसली. आण्णाकडचीही.

"हो बाजूला," हौसराव म्हणाला.

ती हलली नाही. तिनं बापाकडं पाहिलं. आण्णाच्या डोळ्यांत राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. तो तिच्याकडं बघत होता तसा तो वाटेत आडवं पडलेल्या बाभळीच्या फांदीकडंही बघायचा. ती ओलांडायची आणि पुढं जायचं. त्याची कशाशीच तक्रार नव्हती.

त्यानं चांगल्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि लांब शीळ घातली. त्या शिळेवर सुषमा लहानपणी मेंढरांच्या मागं धावली होती. त्या शिळेवर मेंढरं धावायची, आणि आताही धावली. इकडनं काळी, तिकडनं तांबूस, धुळीचे दोन लोंढे तिच्या अंगावर आले आणि तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून तिच्या पाठीमागं एक झाले. लोकर तिच्या गुडघ्यांना घासत गेली. एका कोकराची आई चुकली होती, ते तिच्या पायात घुटमळलं. तिनं ते उचलायला हात घातला, पण मागनं आलेल्या हौसरावानं ते अलगद तिच्या हातातनं काढून घेतलं, काखेत धरलं आणि पुढं निघून गेला.

पलीकडच्या काठावर दोन्ही भाऊ शेजारी शेजारी चढ चढत होते. कुठलं मेंढरू कुणाचं, ते आता इथनं दिसत नव्हतं.